चेंडू पुढे फेकण्याची मुभा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, पांढुर्ण्याच्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्णेकर, समोरच्या काठावर सावरगावकर. मग दिवसभर दोन्हीकडून दगडांचा वर्षाव होतो. हीच गोटमार. सौंसरकडचे, नागपूरकडचे लोक ती पाहण्यास मुद्दाम येतात. सावरगावची मुलगी व पांढुर्ण्याचा मुलगा पळून जात असता नदीत दगडांखाली सापडले, अशी तिची आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, जखमा खऱ्या असतात. दरवर्षी शेकडो माणसे रक्तबंबाळ होतात. 1955 पासून दहाहून अधिक जीव गेले आहेत. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले. लोकांनी चेंडू बाजूला सारले आणि पुन्हा दगडच उचलले.

जीव घेणारा खेळ माणसांना सोडवत नाही, असा प्रसंग सुशिक्षितांवरही आलेला आहे. अमेरिकेतील महाविद्यालयांच्या फुटबॉलची 1905 व 1906 या दोन वर्षांची हकीकत या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे.

तो फुटबॉल आपल्या मैदानावरचा नव्हे. चेंडू लांबट, आणि तो काखोटीला मारून पळावयाचे. त्या काळी तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकले की चेंडू आपल्याकडे राहत असे. पाच यार्ड म्हणजे माजघराच्या लांबीएवढे अंतर! तेवढ्यासाठी मोकळ्या जागेत पळण्याची गरजच काय? अकराही गडी एकमेकांना बिलगून मुसंडी मारीत, समोरचे अकरा त्यांच्यावर कोसळत, आणि ढिगाऱ्याखाली कोणाची मान मोडली हे ढिगारा उठल्यावर कळे. 1905 च्या एकाच हंगामात किमान 18 मुले दगावल्याची गणती शिकागोच्या एका दैनिकाने छापली. त्यांतील बहुतेक विद्यार्थी होते.

अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे या खेळाचे चाहते. त्यांचा मुलगा हार्वर्डला हा खेळ खेळत होता. त्यांनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रमुखांना बोलावून कानउघाडणी केली. तरी नोव्हेंबरात युनियन कॉलेजचा एक खेळाडू सामन्यात झालेल्या दुखापतीने मरण पावला. कोलंबिया विद्यापीठाने खेळच बंद केला. पश्चिम किनाऱ्यावरील दोन विद्यापीठांनी रग्बी पत्करली. परंतु बाकीच्यांना खेळ सोडवेना. डिसेंबरच्या अखेरीस 62 महाविद्यालयांचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि पुढील हंगामासाठी नियम बदलण्याचे ठरले. पाच यार्डांची अट दहा यार्डांची झाली. दोन्ही फळ्यांमध्ये थोडी जागा मोकळी ठेवावी लागू लागली. आणि, ज्याला जुने खेळाडू नाके मुरडीत होते, ते चेंडू हाताने पुढे फेकणे कायदेशीर झाले. चेंडू दूर जाणार म्हटल्यावर गड्यांना पांगणे भाग होते, आणि पांगलेल्या गड्यांचा ढिगारा होत नाही!

मात्र मुभा मिळाली म्हणून कोणी ती वापरीलच असे नाही. फेकलेला चेंडू कोणाचाही हात न लागता जमिनीवर पडला, तर तो प्रतिपक्षाला मिळे. हा धोका पत्करण्यास नामांकित संघ तयार नव्हते. तो पत्करला मिसिसिपीकाठच्या सेंट लुई विद्यापीठाने. ही जेसुइट पाद्र्यांची संस्था. फुटबॉलमध्ये तिचे नाव फारसे कोणी घेत नसे. शिक्षक एडी कोचेम्स यांनी नवे नियम बारकाईने वाचले आणि उन्हाळ्यात मुलांना विस्कॉन्सिनमधील बूला सरोवराकाठी, जेसुइटांच्याच जागेत, सरावास नेले. तेथे त्यांनी मुख्यतः एकच गोष्ट घोटून घेतली: लांबट चेंडू शिवणीवर बोटे रोवून कसा फेकावा, म्हणजे तो गिरकी घेत सरळ जाईल.

5 सप्टेंबर 1906 रोजी वॉकेशा गावी कॅरोल कॉलेजशी सामना झाला. ब्रॅडबरी रॉबिन्सन याने पहिला चेंडू फेकला. तो वाया गेला आणि नियमाप्रमाणे प्रतिपक्षाच्या हाती पडला. येथेच कोचेम्स कचरले असते तर त्यांना दोष देता आला नसता. थोड्या वेळाने रॉबिन्सनने पुन्हा फेकला. जॅक श्नायडरने तो झेलला आणि गुण झाला. सामना 22 विरुद्ध 0 असा जिंकला. त्या हंगामात सेंट लुईने 11 पैकी 11 सामने जिंकले. त्यांचे गुण 407, प्रतिपक्षांचे सर्व मिळून 11. कॅन्सस 34 विरुद्ध 2, आयोवा 39 विरुद्ध 0.

तरी पूर्वेकडील मोठ्या विद्यापीठांनी तिकडे काणाडोळा केला. ढकलाढकली चालूच राहिली, आणि 1909 मध्ये मृत्यूंचा आकडा पुन्हा चढला. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयाचा एक छात्र हार्वर्डविरुद्धच्या सामन्यातील दुखापतीने गेला. 1910 मध्ये नियम पुन्हा बदलावे लागले. 1913 च्या नोव्हेंबरात नोत्र दाम या दुसऱ्या कॅथलिक विद्यापीठाने त्याच वेस्ट पॉइंटवर लांब फेकींच्या जोरावर लष्करी संघाला 35 विरुद्ध 13 असे हरविले, तेव्हा कोठे पूर्वेकडील वृत्तपत्रांना या फेकीची किंमत कळली. रॉबिन्सन तोवर वैद्यकीची पदवी घेऊन डॉक्टर झाला होता.

महाविद्यालयाला नियमांचे पुस्तक असते, पंच असतो. नदीकाठच्या जमावाला यांतले काहीच नसते, हे खरे. परंतु आणखीही एक फरक आहे. अमेरिकेत नियम बदलले ते खेळणाऱ्या महाविद्यालयांनी एकत्र बसून, आणि एकदा साधले नाही म्हणून चार वर्षांनी पुन्हा बसून. जाम नदीवर रबरी चेंडू आले ते सरकारी कचेरीतून. पांढुर्णा व सावरगाव यांनी मिळून ते ठरविलेले नव्हते. शिवाय चेंडू बदलला तरी पळसाचा झेंडा, दोन काठ आणि मधले पाणी जसेच्या तसे राहिले. चेंडूने जिंकावे कसे, हे कोणी सांगितलेच नाही.

त्या वेळी जिल्ह्याचे ठिकाण छिंदवाडा होते. 2023 मध्ये पांढुर्णा व सौंसर हे दोन तालुके मिळून निराळा जिल्हा झाला असून जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी आता पांढुर्ण्यातच आहे.