गालावरचं आणि गालातलं



सुई टोचून चेहरा तरुण करून देणाऱ्या जाहिराती आता गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत मोबाईलवरही दिसतात. त्या सुईत असतं काय?

आपल्या त्वचेत कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. खाटेच्या सुतळीसारखे ते कातडी ताणून धरतात. वयाने आणि उन्हाने धागे तुटतात, नवे कमी तयार होतात, मग गाल बसतात. अशा एका सुईतून पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडचे बारीक कण त्वचेत खोलवर सोडले, की तिथे सौम्य दाह होतो आणि धागे विणणाऱ्या पेशी कामाला लागतात. कण काही महिन्यांत विरून जातात, नवं कोलॅजेन मागे राहतं. अमेरिकेत 2004 मध्ये या औषधाला मान्यता मिळाली, ती एचआयव्हीमुळे गाल खोल गेलेल्या रुग्णांसाठी. सुरकुत्यांचा नंबर नंतर लागला. पण अडाणी हाताने टोचलं तर गाठी येतात. औषध रक्तवाहिनीत शिरलं तर दृष्टीसुद्धा जाऊ शकते. त्यामुळे हे काम पार्लरचं नाही, त्वचारोगतज्ज्ञाचं.

आता आपल्या पानठेल्यावर या. कोलॅजेन वाढवणारी वस्तू तिथेही मिळते, तिचं नाव खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटायचा, चिमूट गालात धरायची. सुपारीतलं ॲरेकोलिन गालाच्या आतल्या तशाच पेशींना डिवचतं. नवे धागे वाढत जातात, जुने मोडत नाहीत, आणि सुपारीतलं तांबं त्यांना एकमेकांत आवळतं. आधी तिखट झोंबतं. मग गाल आतून पांढरा, टणक होतो. शेवटी घास घ्यायलाही तोंड उघडत नाही. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो.

‘मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो,’ असं काही जण सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे.

डॉक्टर मोजून टोचतो आणि थांबतो. खर्रा रोज, दिवसभर चालतो. फरक आहे तो मात्रेचा, जागेचा आणि थांबण्याचा.

चेहऱ्याची काळजी असेल तर तेंदूपत्ता तोडायला जाताना डोकं आणि तोंड दुपट्ट्याने झाका. आवळा खा, कोलॅजेन बनायला क जीवनसत्त्व लागतंच. आणि आज एक तपासणी करा. तोंड पूर्ण उघडा आणि आपलीच तीन बोटं, एकावर एक, उभी आत घालून पाहा. जात नसतील तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. 2016 पासून जिल्ह्यात दारू-तंबाखूविरुद्ध काम करणाऱ्या ‘मुक्तिपथ’ची माणसंही व्यसन सोडायला मदत करतात.

बोटं सहज गेली तरी खर्रा आजच सोडा. आवळलेले धागे सहसा पुन्हा सैल होत नाहीत.