डी.पी. जळण्याआधी काय सांगते?
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



कृषिविद्येचा अध्यापक विजेवर का बोलतो आहे, असे आपल्याला वाटेल. पण रावेर-यावल पट्ट्यात मे महिन्यात ठिबकवरील केळीला झाडामागे रोज वीस लिटरच्या आसपास पाणी लागते. पारा 44-45 अंशांवर असतो, मृगबागेचे घड पोसत असतात, आणि नेमकी तेव्हाच डी.पी. जळते. चार दिवस पाणी तुटले की पाने करपतात, घड सटकू लागतात. अशा वेळी खताच्या मात्रा सांगून काय उपयोग?

डी.पी., म्हणजेच रोहित्र, बहुधा एका दिवसात जळत नाही. 100 के.व्ही.ए.चे रोहित्र प्रत्येक फेजवर सुमारे 133 अँपिअर प्रवाह देऊ शकते. पाच अश्वशक्तीची मोटर सात-आठ अँपिअर घेते. म्हणजे सोळा-सतरा मोटरींपुरते ते रोहित्र. आपल्या डी.पी.वर किती मोटरी आहेत, मनातल्या मनात मोजा. आकडे टाकलेल्याही धरा. भार वाढला की आतील गुंडाळीचा कागद तापतो. मर्यादेपुढे दर सहा-सात अंशांना त्या कागदाचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. कागद गेला की रोहित्र गेलेच.

ही झीज आधी ओळखण्यासाठी रोहित्रावर आता स्मार्ट देखरेख बसविता येते. तिन्ही फेजचा प्रवाह व दाब मोजणारे मीटर, तेलाचे तापमान व पातळी सांगणारे संवेदक आणि मोबाईलसारखे सिमकार्ड असलेले मोडेम, एवढीच ही सामग्री. ठराविक वेळाने नोंद कार्यालयात जाते आणि संगणक तिची मागच्या नोंदींशी तुलना करतो. भार तोच, ऊन तेच, तरी तेल मागच्या महिन्यापेक्षा जास्त तापते आहे काय? एका फेजवर 150 अँपिअर आणि दुसऱ्यावर 80, असे रोज घडते आहे काय? तसे असेल तर ते रोहित्र जळण्यापूर्वी तपासायच्या यादीत येते. केंद्र शासनाने 2021 साली मंजूर केलेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत वाहिन्यांवर व रोहित्रांवर स्वतः नोंद पाठविणारे मीटर बसविण्याची तरतूद आहे. त्याच योजनेतील प्रीपेड मीटरमधून शेतीपंप वगळलेले आहेत, तेव्हा उगाच धास्ती नको.

मात्र यंत्र इशारा देईल, भार कमी करणार नाही. तो आपल्याच हातात आहे. आमच्या भागातील एका शिवारात डी.पी. वारंवार जळे. कारण शोधले तर जवळजवळ प्रत्येक पेटीत ऑटो स्विच! वीज आली की सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू. सुरू होताना मोटर पाच-सहा पट प्रवाह ओढते. सोळा मोटरींचे मिळून सहा-सातशे अँपिअर होतात. दाब कोसळतो, मोटरी वेग घेईनात, रोहित्र तापतच राहते. सौर कृषी वाहिनीमुळे दिवसा वीज मिळू लागली ही चांगलीच गोष्ट आहे. पण सगळा भार भर उन्हात एकदम येणार, हेही ध्यानात घ्यावे. तेव्हा ऑटो स्विच काढावेत आणि मोटरी पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सुरू कराव्यात. पाच अश्वशक्तीच्या मोटरीस दोन के.व्ही.ए.आर.चा कपॅसिटर जोडल्यास प्रत्येक मोटरीचा सुमारे एक अँपिअर भार वाचतो. कपॅसिटर स्वस्त आहे, तरी बहुतेक पेट्यांत तो निकामी होऊन नुसता लटकलेला असतो!

आपल्या डी.पी.वर संवेदक येईल तेव्हा येईल. तोवर स्टार्टरच्या पेटीतील व्होल्टमीटर व अँपिअरमीटर हेच आपले देखरेख यंत्र समजावे. एका वहीत रोज एकाच वेळी तिन्ही जोड्यांचा दाब लिहावा. त्यांतील फरक दहा-बारा व्होल्टच्या वर जाऊन तसाच राहिला, तर फेजवरील भार विषम आहे असे समजावे. खाली उभे राहूनही पुष्कळ दिसते: टाकीवर तेलाचे ओघळ, नेहमीपेक्षा मोठी घरघर, श्वसनिकेतील निळे सिलिका जेल गुलाबी झालेले. पेटीवर चढून स्वतः फ्यूज बांधू नये. जाड तार बांधणे तर रोहित्राचा घातच होय. वहीतील आकडे घेऊन वायरमनकडे जावे किंवा महावितरणच्या 1912 क्रमांकावर कळवावे. शिरपूर-शिंदखेड्याकडील बागायती कापूसवाल्यांनी हे काम मे अखेरच्या लागवडीआधीच उरकून घ्यावे.