उधारीच्या वहीत नाव

अध्यक्ष महाराज, संयोजक मंडळी आणि चैत्रातली गर्दी ओसरल्यावरही जोतिबाच्या डोंगरावर माणसं जमवता येतात हे सिद्ध करणाऱ्या श्रोत्यांनो, चांगभलं!

पत्रिकेत विषय छापलाय, 'स्थलांतरित समाज आणि समरसता'. मी त्याचा माझ्यापुरता अर्थ लावून आलोय. परका माणूस गावात येतो. तो गावचा कधी होतो? जाणकार सांगतात, भाषा शिकला की होतो, तिथं सोयरीक केली की होतो, मतदार यादीत आला की होतो. माझं उत्तर ऐकून आमच्या घरातसुद्धा हसतात. गावातल्या किराणा दुकानदारानं त्याला उधार दिलं की तो गावचा झाला. (हशा) हसा. तासाभरानं विचारतो.

शिंद्यांची गोष्ट इथं सांगायची गरज नाही. घराणं कण्हेरखेडचं, राणोजींनी १७३० साली हे देऊळ बांधून काढलं, वंशज ग्वाल्हेरला नांदले, कुलदैवत मात्र वाडी रत्नागिरीलाच राहिलं. हे तुमच्या पोरांनाही पाठ आहे. आणि सत्ता घेऊन गेलेली माणसं माझ्या कामाची नाहीत. महादजींनाही कर्ज होतं, असं कुणीतरी मागून म्हणतंय. होतं, चिक्कार होतं. पण पाठीशी फौज उभी करून काढलेल्या कर्जाला उधारी म्हणत नाहीत, साहेब. (हशा)

आपण खाली उतरू. कोल्हापूरहून मिरजेकडे निघालं की जवळच वळिवडे स्टेशन लागतं. १९४३ मध्ये तिथं पोलंडची माणसं आली. स्टालिननं पूर्व पोलंडातून त्यांना सैबेरियात आणि कझाकस्तानात हाकललं होतं. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला तेव्हा त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गे ती हिंदुस्थानात पोचली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोरं सांभाळली, ते सगळ्यांना माहीत असतं. आपल्या दारातल्या वळिवड्याला मात्र पाच हजारांच्या आसपास माणसं होती, बहुतेक बायका आणि मुलं, हे सांगितलं की कोल्हापूरकरही 'काय सांगता!' म्हणतात. बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, असं एक पोलिश गावच पंचगंगेच्या काठच्या मुलखात पाच वर्षं नांदलं.

ती माणसं इथली झाली का? नाही झाली. एखाद-दुसरीनं इथं संसार केला, ती कौतुकाची गोष्ट. बाकीची १९४८ पर्यंत इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशी पांगली. कोल्हापूरकरांनी वाईट वागवलं म्हणून गेली असंही नाही. म्हातारपणी मुद्दाम गाव बघायला ती परत येत राहिली आणि महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. पण छावणीचा खर्च लंडनमधल्या त्यांच्या परागंदा सरकारकडून यायचा. मुलांची शाळा पोलिश, कारण उद्या पोलंडलाच जायचं. १९४५ मध्ये ब्रिटननं त्या लंडनच्या सरकारची मान्यता काढली, आणि त्यांची गावं तोवर रशियाच्या हद्दीत गेली होती. म्हणजे जायचं होतं ते घरच उरलं नाही. तरीसुद्धा इथल्या वाण्याच्या वहीत नाव घालायची वेळ त्यांच्यावर आली नसावी, असा माझा अंदाज आहे. गरज दुसरीकडून भागत होती. गरज दुसरीकडून भागली की शेजाऱ्याशी संबंध नमस्कारापुरता राहतो.

आता त्याच बराकींत पुढं काय झालं बघा. पोलिश लोक गेले आणि फाळणीनंतर सिंध सोडून आलेली कुटुंबं तिथं उतरली. तेच आजचं गांधीनगर! यांच्यामागं लंडनचं सरकार नव्हतं. पंजाब्याला अर्धा पंजाब तरी मिळाला, बंगाल्याला अर्धा बंगाल. सिंध्याच्या वाट्याला इकडं एक तालुकासुद्धा आला नाही. त्यांची भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत यायला १९६७ उजाडलं. मग त्यांनी केलं काय? कापडाचे तागे मांडले. आज कोल्हापूर-सांगलीच्या खेड्यांत, खाली कोकणात, तिकडं बेळगावच्या बाजूला कापडाचं दुकान काढणारा पहिल्यांदा कुठं जातो? इथं बसलेल्यांपैकी लग्नाचा बस्ता गांधीनगरात बांधलेल्यांनी हात वर करावेत. (बरेच हात वर होतात.) हां, खाली घ्या, मोजायला वेळ नाही.

त्या बाजाराचा कणा काय? माल आज, पैसे सण झाल्यावर. गावाकडच्या दुकानदाराला बँकेनं उभं केलं नसतं, त्याला गांधीनगरच्या पेढीनं उभं केलं. त्यासाठी पेढीवाल्याला माहीत असावं लागतं, याच्या गावात पाऊस कसा झाला, उसाचं बिल निघालं का, याच्या भावाभावांत वाटणी झाली का. एवढं कळायला मराठी यावीच लागते. समरसतेचं शिबिर कुणी घेतलं नव्हतं.

आता जरा आपल्याच माणसांकडं येतो. खानापूर-आटपाडी भागातलं कुणी आहे का? आहेत. मग गलाईवाल्यांचं मी सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण सांगतोच. पाऊस नाही, जमिनीत राम नाही, म्हणून विट्याच्या आसपासच्या गावांतली माणसं सोनं-चांदी गाळायचं काम शिकून बाहेर पडली. जुने दागिने, सराफाच्या दुकानातली झाडलोट हे सगळं तेजाबात घालून, भट्टीत तापवून शुद्ध सोनं काढायचं. तामिळनाडू, केरळ, आंध्र, दिल्ली, उत्तर प्रदेश, जिथं सराफकट्टा आहे तिथं विट्याकडचा गलाईवाला आहे.

आमच्या नात्यातले एक दाजी तामिळनाडूत आहेत. मी त्यांच्याकडं गेलो होतो, दुकान म्हणजे दोन माणसं बसतील एवढं. एक तमिळ आसारी, म्हणजे सोनार, आला, कागदाची पुडी दाजींपुढं ठेवली, दोन शब्द बोलला आणि गेला. मी म्हटलं, "दाजी, काय होतं?" म्हणाले, "सोनं." मी विचारलं, "वजन नाही केलं त्यानं?" "घरनं करून आला असंल." "मग पावती?" दाजींनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तमाशात शंकराचार्यांची चौकशी केली. (हशा) संध्याकाळी तो आला, लगड घेतली, खिशात टाकली, मजुरी पुढच्या वेळी देतो म्हणाला. दाजींनी वहीत लिहिलं. मग समोरच्या चहावाल्याच्या पोरानं भिंतीवर खडूनं रेघ ओढली, ती दाजींच्या चहाची. ताई सांगत होत्या, मुलीच्या दवाखान्याला रात्री पैसे कमी पडले तेव्हा तोच आसारी घेऊन आला होता. दाजींचा मुलगा बापाशी मराठीत बोलतो आणि भांडतो तमिळमध्ये. घरात म्हसोबाचा फोटो आहे, मुरुगनचाही आहे. गावच्या यात्रेला दाजी दरवर्षी येतात, तिथं त्यांना 'मद्रासवाले' म्हणतात. माझ्या मते तिकडच्या भिंतीवरची ती खडूची रेघ रेशनकार्डापेक्षा पक्की.

चिठ्ठी आलीय. वेळ संपल्याची असणार. नाही, प्रश्न आहे: 'उधारीनंच माणूस आपला होतो, तर १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या का जाळल्या?' नाव लिहिलेलं नाही, पण हस्ताक्षर मास्तरांचं दिसतंय. (हशा) प्रश्न बरोबर आहे, मी टाळत होतो असं समजू नका. टाळत होतो थोडा. सुपे, पुणे जिल्हा, मे १८७५. शेतकऱ्यांनी गुजर-मारवाडी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. दुसरा दाखला मीच देतो. युगांडात गुजराती दुकानदारांनी खेडोपाडी दुकानं मांडली, गिऱ्हाइकांना सांभाळून घेतलं, आणि १९७२ मध्ये इदी अमीननं नव्वद दिवसांत देश सोडा म्हणून सांगितलं. सुप्याचा सावकार काय, युगांडातला दुकानदार काय, उधार देत होते, पण समोरच्याकडून कधी उधार घेत नव्हते. एकाच बाजूनं लिहिली जाणारी वही माणसाला आपला करत नाही, ती त्याला डोक्यावर बसवते. दाजींच्या गल्लीत आसारी दाजींचा देणेकरी आणि दाजी चहावाल्याचे देणेकरी. दोन्हीकडं देणं असलं तर कोण कुणाची वही जाळणार? हा मुद्दा मी शेवटी सांगणार होतो, मास्तरांनी आधी काढून घेतला.

मग आता अवघड जागेचं बोलतो. इचलकरंजीला १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून त्या गावात कर्नाटकातले, आंध्रातले विणकर आले आणि रुळले. आज मागावर उत्तर प्रदेश-बिहारची पोरं उभी आहेत. त्यांना किराणा उधार मिळतो का? (सभागृहात कुजबुज) मी राजकारणावर बोलत नाहीये. (एक श्रोता: 'ती पळून जात्यात!') कधी जातात, साहेब? ज्याच्या नावावर खोली नाही, ठेकेदार बदलला की ज्याची भाकरी बदलते, तो जाणारच. आमचे दाजीही पहिल्या वर्षी पळून येणार होते. तिथल्या कुणीतरी पहिली पुडी त्यांच्यापुढं ठेवली म्हणून राहिले. बाहेर गेलेल्या आपल्या माणसाची गोष्ट ऐकताना तुम्ही टाळ्या दिल्यात. इथं आलेल्याची गोष्ट निघाली आणि खुर्च्या वाजू लागल्या. वाजू द्या. मीही घर भाड्यानं देताना तीन ओळखी विचारतो.

अध्यक्षांनी घड्याळ काढलं. इस्रायलचा भाग मी खरं म्हणजे अर्धा तास ठरवला होता. दोन वाक्यांत उरकतो. आपल्या कोकणातले बेने इस्रायली ज्यू, तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावानं त्यांना 'शनवार तेली' म्हटलं; गावाला त्यांचा धर्म नीट कळला नव्हता, पण तेल कुणाकडं घ्यायचं ते पक्कं माहीत होतं. १९४८ नंतर ते आपल्या धर्माच्या देशात गेले, आणि तिथल्या धर्मपीठानं १९६२ मध्ये लग्नासाठी त्यांच्या पूर्वजांची चौकशी लावली. निदर्शनं झाली, आणि १९६४ मध्ये ती अट मागं घेतली गेली. एक धर्म, एक प्रार्थना, तरी दाखला मागितला. पेणकर, किहीमकर अशी आडनावं लावणारी ती माणसं तिथं मराठीत 'मायबोली' नावाचं नियतकालिक काढत राहिली. ती तिथली कशी झाली, कुणाच्या दुकानातून झाली, हे सांगायला मला आणखी एक संध्याकाळ लागेल. कोल्हापूरची गाडी धरायची असेल त्यांनी आता उठावं, मास्तरांनी मात्र थांबावं, त्यांच्या चिठ्ठीच्या पाठीमागं दुसरा प्रश्नही आहे.