बिनदांड्याचा पथकर

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरला किंवा तळेगावला मोटार क्षणभर थबकते, आडवा दांडा वर जातो आणि आपण मार्गस्थ होतो. तेवढ्या अवधीत काचेवरील फास्टॅगची नाक्यावरील यंत्राने रुजुवात घेतलेली असते. या टॅगमध्ये बॅटरी नसते. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी त्याच्यावर पडल्या, की त्यांच्याच ऊर्जेवर आतील चिप जागी होते आणि त्याच लहरी कमीअधिक परावर्तित करून आपला क्रमांक कळविते.

रांगेत गाड्या एकामागून एक येतात तोवर हे काम सोपे. परंतु दांडाच काढून टाकला आणि रस्त्यावर उभारलेल्या कमानीखालून सर्व मार्गिकांतील गाड्या भरधाव जाऊ लागल्या, म्हणजे यंत्राची खरी परीक्षा होते. ताशी १०० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. अँटेनाचा टापू दहा मीटरांचा धरला, तर ओळख पटविण्यास अर्धा सेकंदही उरत नाही. त्यातच पाचसहा टॅग एकदम बोलू लागले, तर एकाचेही धड ऐकू यावयाचे नाही. म्हणून यंत्र पाळ्या पुकारते, प्रत्येक टॅग त्यांतील एक यदृच्छया निवडतो, ज्याच्या पाळीत दुसरा आला नाही त्याची नोंद होते आणि ज्यांची टक्कर झाली त्यांना पुन्हा पाळी निवडावी लागते. आपल्या सभासंमेलनांत ही शिस्त कधी येईल ती येवो!

शेजारच्या मार्गिकेतील अँटेनासही हाच आवाज ऐकू जातो. म्हणून गाडीच्या नंबरप्लेटचे छायाचित्र घेऊन ते टॅगच्या नोंदीशी ताडून पाहावे लागते. टोरांटोजवळील ४०७ क्रमांकाच्या महामार्गावर १९९७ पासून नाक्यावाचून वसुली चालते, ती गाडीतील उपकरण आणि कॅमेरा या दोहोंच्या साक्षीवरच.

आपल्याकडे टॅग हातात धरून दाखविणारे महाभाग अद्याप आहेत. नाक्यावरचा इसम त्यांना सांभाळून घेतो. कमानीवर असा कोणी हजर नसतो. तेव्हा टॅग पुढील काचेच्या आतील बाजूस, आरशामागे, मध्यभागी पक्का चिकटवावा. धातूचा थर असलेल्या काचेतून लहरी नीट जात नाहीत. तशी काच असल्यास टॅगसाठी मोकळी ठेवलेली जागा कंपनीकडून विचारून घ्यावी. गाडी विकत घेतली असेल, तर पूर्वीच्या मालकाचा टॅग काढून टाकावा, नव्या टॅगवरील नोंदणी क्रमांक दाखल्याशी पडताळावा आणि पुढच्या वेळी गाडी धुताना नंबरप्लेटवरचा चिखलही तेवढा पुसून घ्यावा.