आशाताईंची नवी सीडी आणि आपली जुनी पट्टी

(जानेवारी २००६ च्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, प्रत्येकाने आपल्या आवडीच्या विषयावर दहा मिनिटं बोलायचं आहे." सकाळपासून आपण कापसाच्या भावावर ऐकलं, रक्तदाबावर ऐकलं, मुलांच्या नोकऱ्यांवर ऐकलं. मी एका सीडीवर बोलणार आहे. हसू नका. माझ्या वर्गातल्या पोट्ट्यांना आधीच कळलं असेल की गाडी आशा भोसल्यांवर जाणार.

गेल्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत आशाताईंची एक नवी सीडी निघाली. नाव 'यू हॅव स्टोलन माय हार्ट'. माझ्या भाच्याने ती तिकडून पाठवली. सॅन फ्रान्सिस्कोचं क्रोनॉस क्वार्टेट म्हणून चार वादकांचं पथक आहे: दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. १९७३ साली डेव्हिड हॅरिंग्टन यांनी ते सुरू केलं. या मंडळींना आपल्या पंचमचं, म्हणजे राहुलदेव बर्मन यांचं वेड लागलेलं. २००० साली त्यांनी 'अनामिका'तलं पंचमचं एक गाणं आपल्या रेकॉर्डवर वाजवलं होतं. आता बारा रचना घेतल्या, सगळ्या पंचमच्या, त्यात बंगालीही आहेत. तबल्याला झाकीर हुसेन, पीपा नावाच्या चिनी तंतुवाद्यावर वू मान, आणि गायला खुद्द आशाताई. या सीडीला ग्रॅमीचं नामांकन मिळालं आहे. निकाल पुढच्या महिन्यात. अली अकबर खाँसाहेबांबरोबरच्या 'लेगसी'नंतरचं हे त्यांचं दुसरं नामांकन.

आता तुम्ही म्हणाल, यात आपल्या दारव्ह्याचा काय संबंध? सांगते.

पुण्या-मुंबईच्या मुलांनी रॉक ऐकला तो रोलिंग स्टोन्सचा. आपल्या गावात तो कुठून येणार? आपल्याकडे रॉक आला तो पंचमच्या गिटारवरून आणि आशाताईंच्या गळ्यातून. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मधलं 'दम मारो दम' आठवा. १९७२ च्या बिनाका गीतमालेत ते वर्षभराच्या यादीत पहिलं आलं. बुधवारी रात्री आठला आमच्या शेजारच्या काकांच्या रेडिओभोवती अर्धी गल्ली जमायची. सिलोन कधी जवळ यायचं, कधी लांब जायचं, आणि अमीन सयानींचा आवाज खरखरीतून वर यायचा. गाणं लागलं की माझी माय आतून ओरडायची, "काहून वं, हे काय गाणं हाय का? बंद कर!" रेडिओ शेजारचा, त्यामुळे बंद करायचा प्रश्नच नव्हता.

मी नववीत होते. गॅदरिंगला तेच गाणं म्हणायचं मी ठरवलं. तालमीत पहिली ओळ म्हटली आणि बाईंनी पेटी थांबवली. म्हणाल्या, "चांगल्या घरच्या मुली हे गाणं म्हणत नाहीत." त्याऐवजी त्यांनी मला एक सोज्ज्वळ भावगीत दिलं. मी ते म्हटलं, टाळ्या मिळाल्या, बक्षीसही मिळालं. गंमत अशी, की ते भावगीतही आशाताईंचंच होतं! बाईंना ते ठाऊक नव्हतं, आणि मला सांगायची हिंमत नव्हती. बाईंवर माझा राग नाही. तेव्हाचा काळच तसा होता. पण एकाच गळ्यातला अर्धा आवाज चांगल्या घरचा आणि अर्धा वाईट घरचा, हे कोडं माझ्या मनातून कधी गेलं नाही. मला वाटतं, त्याच दिवशी मी आशाताईंची भक्त झाले.

तर अशा भक्तिणीने ही सीडी लावली. खरं सांगते, पहिल्यांदा ऐकून माझे डोळे भरून आले, आणि ते आनंदाने नव्हे. 'कारवाँ'मधलं हेलनवरचं गाणं घ्या. १९७१ साली त्या गाण्यात श्वास हेच एक वाद्य होतं. धापा टाकण्यातही सूर आणि लय होती, आणि मधून पंचमची ती हाक. आशाताई तेव्हा अडतीस वर्षांच्या. सीडी निघाली तेव्हा त्या बहात्तरीच्या उंबरठ्यावर. आवाज वर जाताना पातळ होतो. पूर्वी जी जागा त्या उडी मारून घ्यायच्या, तिथे आता पायरीने जातात. पंचम नाहीत हे तर त्या गाण्यात सर्वांत जास्त जाणवतं. मी सीडी बंद केली आणि मनात म्हटलं, ताई, कशाला गायलात हे? होतं ते काय कमी होतं?

आठवडाभर सीडी कपाटात पडून होती. एका संध्याकाळी टीव्हीवर रिमिक्सचा तो कार्यक्रम लागला होता. १९७२ च्या 'समाधी'तलं लताबाईंचं, पंचमनेच बांधलेलं गाणं २००२ साली रिमिक्स होऊन किती गाजलं, तुम्हाला माहीत आहेच. खाली धाडधाड ठेका, आवाज दुसऱ्याच मुलीचा, नाचणारी तिसरीच. तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. जुन्या गाण्याला तरुण ठेवण्याचा एक मार्ग हा आहे: ज्यांनी ते केलं त्यांना बाजूला सारायचं आणि नवा कोरा देह लावायचा. आशाताईंनी नेमकं उलटं केलं. गाणं तेच, गाणारीही तीच, आणि वय लपवायचं नाही. हे कळलं आणि मी सीडी पुन्हा लावली.

दुसऱ्या ऐकण्यात वेगळ्याच गोष्टी कानावर आल्या. पंचमचा ताफा केवढा मोठा असायचा! गिटारी, सॅक्सोफोन, ड्रम, कोंगो, व्हायोलिनांची रांग. इथे चौघांनी मुख्यतः आपल्या तंतुवाद्यांवर, एकावर एक थर चढवून ते उभं केलं आहे. त्यामुळे पंचमची रचना आतून दिसते, जशी घराचं छप्पर काढल्यावर वासे दिसावेत. सिनेमाचं गाणं म्हणून ज्याला आपल्याकडे नाक मुरडलं गेलं, ते शास्त्रोक्त पाश्चात्त्य संगीत वाजवणारी माणसं इतक्या निष्ठेने वाजवतात, हे ऐकून मला माझ्या बाई आठवल्या. वाटलं, त्यांना ही सीडी ऐकवायला हवी होती.

सगळंच चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. भक्ताने खोटं बोलू नये. झाकीरभाई असूनही पंचमच्या तालाची ती झिंग, खुर्चीत बसल्या बसल्या पाय हलवायला लावणारी, मला पूर्णपणे मिळाली नाही. 'कारवाँ'चं गाणं माझ्यासाठी जुनंच राहील. 'यादों की बारात'मधलं गाणं लागलं तेव्हा ग्लासच्या किणकिणीसाठी कान टवकारले, आणि ती जुनी किणकिण आठवण्यातच माझं अर्धं गाणं निघून गेलं. हा दोष सीडीचा की माझ्या कानांचा, तुम्हीच ठरवा.

पण 'इजाजत'मधलं 'मेरा कुछ सामान' ऐका. १९८७ चा चित्रपट, गुलजारांचे शब्द. ना यमक, ना ठरलेलं मीटर. त्या गाण्याने गुलजार आणि आशाताई, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. एक बाई दूर गेलेल्या माणसाकडे आपल्या मागे राहिलेल्या वस्तू परत मागते, एवढंच गाणं. तेव्हा चाल बांधणारे पंचम समोर होते. १९८० साली दोघांचं लग्न झालं होतं. ४ जानेवारी १९९४ ला पंचम गेले. आता तीच बाई, तीच चाल, पण मागायचं कोणाकडे? आवाजात किंचित कंप आहे. १९८७ च्या रेकॉर्डवर तो नाही, आणि मला आता त्या कंपाशिवाय हे गाणं अपुरं वाटतं. जे 'कारवाँ'च्या गाण्यात उणं पडलं, तेच इथे कामी आलं. सबंध सीडीचं माझं मत विचाराल तर ते एवढंच: जिथे गाण्याला तारुण्य हवं होतं तिथे ती थकते, आणि जिथे गाण्याला आयुष्य हवं होतं तिथे ती जुन्या रेकॉर्डच्याही पुढे जाते.

गेल्याच वर्षी रोलिंग स्टोन्सचाही नवा अल्बम आला. मिक जॅगर बासष्ट वर्षांचे, म्हणून जगभर कौतुक झालं, आणि व्हायलाच हवं. पण जॅगर जन्मले १९४३ साली. त्याच वर्षी आपली सांगलीची ही मुलगी 'माझं बाळ' या मराठी चित्रपटासाठी गात होती, वय वर्षं दहाच्या आत. म्हणजे जॅगर पाळण्यात होते तेव्हा आशाताई मायक्रोफोनसमोर होत्या! पुढे दादासाहेब फाळके पुरस्काराच्या यादीत नाव आलं, तेव्हा कोणीही म्हटलं असतं, आता बस झालं. त्या बसल्या नाहीत.

काल मी मूर्तिजापूरहून आपल्या शकुंतलेने आले. मुद्दाम. १९९४ साली तिचं वाफेचं इंजिन काढलं आणि डिझेल लावलं. पंचम गेले तेच वर्ष. मला वाफेच्या शिट्टीची आठवण येते, तुम्हालाही येत असेल. काल डिझेलचा भोंगा ऐकून मी मनात कुरकुरले. पण दारव्ह्याचं स्टेशन आलं, फलाटावर आमची शाली उभी होती. केस पांढरे, चष्मा, गुडघ्याला पट्टा. तिने हाक मारली, "ए पोट्टे!" आणि मी ती हाक एका क्षणात ओळखली. आवाज तेहेतीस वर्षांपूर्वीचा नव्हता. तो तसाच असायला हवा होता, असं माझ्या मनातही आलं नाही. मग आशाताईंकडेच मी का हट्ट धरून बसले होते, की तुम्ही अडतीसच्याच राहा?

आपण चाहते फार निर्दय असतो. आपल्या आठवणी जपायला आपण त्यांना त्यांच्या जुन्या आवाजात कोंडून ठेवतो. आपलं वय वाढलेलं चालतं, त्यांचं नाही.

आता शेवटचं. शाली आणि मंडळी कालपासून मागे लागली आहेत, की रात्रीच्या कार्यक्रमात ते गाणं म्हण, जे तेव्हा म्हणू दिलं नाही. मी नाही म्हणत होते. बारा-पंधरा वर्षं मी गायलेले नाही. तेव्हा काळी चारमध्ये गायचे, आता काळी दोनच्या वर गेले की गळा तक्रार करतो. लोक काय म्हणतील, जुनी आठवण खराब होईल, असं वाटत होतं. हे भाषण लिहिताना लक्षात आलं, की मी स्वतःलाही तेच सांगते आहे जे सीडी ऐकून आशाताईंना सांगत होते.

तर म्हणणार आहे. काळी दोनमध्ये. वरची जागा आली की तुम्ही सगळ्यांनी म्हणायची, मी खालून साथ देईन. मागच्या रांगेतले पोट्टे, तुम्ही टेबल वाजवायचं, नववीत वाजवायचात तसं. पेटीवर कोण बसणार, तेवढं जेवणाच्या आधी ठरवा.