शोधणाराचा शब्द

नामदेवांच्या गाथेंत एखादा अभंग पाहावयाचा असला म्हणजे वाचक प्रथम सूचीकडे वळतो. तेथें अभंगांचे आरंभ अकारादि क्रमानें दिलेले असतात. पहिला चरण ज्याला आठवतो त्याचें काम क्षणांत होतें. ज्याला केवळ अर्थ आठवतो त्याला सारी गाथा चाळावी लागते. संगणकाच्या जाळ्यावरील मजकूर शोधून देणारीं यंत्रें प्रथम निघालीं तेव्हां तींहि या सूचीसारखींच होतीं. १९९५ सालीं निघालेलें अल्टाव्हिस्टा हें त्यांपैकीं एक. विचारलेला शब्द ज्या पानावर असेल तें पान पुढें करावयाचें, आणि तो पुनःपुन्हां आला असेल तर त्या पानास बहुधा वरची जागा द्यावयाची, असा त्या काळच्या शोधयंत्रांचा सामान्य व्यवहार होता.

या व्यवहारांतूनच ‘कीवर्ड’, म्हणजे सूचक शब्द, यांचें माहात्म्य वाढलें. पानाच्या मागें, वाचकास न दिसणाऱ्या जागीं, अशा शब्दांची यादी जोडण्याची सोय असे. तींत वाटेल तीं नांवें कोंबलीं जाऊं लागलीं. कोणी पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत शब्द लिहीत. माणसाला ते दिसूं नयेत, यंत्राला मात्र दिसावेत! दुकानाच्या पाटीवर कापड, किराणा, भांडीं, औषधें असें सारें लिहावें आणि आंत एक रिकामें फडताळ ठेवावें, तसला हा प्रकार होता.

१९९८ सालीं लॅरी पेज व सर्गेइ ब्रिन यांनीं गूगल कंपनी स्थापन केली. एखाद्या पानाकडे दुसरीं किती आणि कोणतीं पानें बोट दाखवितात, यावरून त्याची योग्यता ठरविण्याची त्यांची रीत होती. पुढें सप्टेंबर २००९ मध्यें गूगलनें जाहीर केलें कीं क्रम लावतांना ती अदृश्य यादी मुळींच विचारांत घेतली जात नाहीं. २०१३ मध्यें ‘हमिंगबर्ड’ ही योजना आली आणि सुट्या शब्दांऐवजीं सबंध प्रश्नाचा रोख पाहण्यावर भर पडला. ऑक्टोबर २०१९ मध्यें ‘बर्ट’ आली. एका शब्दाच्या मागचेपुढचे शब्द ध्यानांत घेऊन त्याचा अर्थ लावणें हें तिचें काम. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ती सत्तरांहून अधिक भाषांना लागू झाली व त्यांत मराठीहि होती.

मराठीच्या दृष्टीनें ही गोष्ट लहान नव्हे. मराठी शब्द विभक्तीबरोबर रूप पालटतो. गांवाचें नांव औंढा. पण यात्रेकरू जातो औंढ्याला आणि मुक्काम करतो औंढ्यांत. अक्षरास अक्षर ताडून पाहणाऱ्या यंत्राला हीं तीन निराळीं नांवें वाटावींत यांत नवल काय!

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. त्यांतील वसमतच्या हळदीला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. या एका पिकाविषयीं लिहिणारापुढें शब्दांचा केवढा पसारा उभा राहतो! गांवाला कोणी वसमत म्हणतो, कोणी बसमत. पीक हळद, संस्कृतांत तेंच हरिद्रा. शोधणारे पुष्कळ लोक तर मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितात. पूर्वीं लेखक हीं सारीं रूपें एका परिच्छेदांत दाटीवाटीनें बसवी आणि वाक्याचा चुराडा करी. आतां निरनिराळ्या रूपांतील नातें यंत्र पुष्कळसें ओळखतें. तेव्हां तो अत्याचार करण्याचें कारण उरलें नाहीं.

म्हणून सूचक शब्द मेला असें जे म्हणतात, ते मात्र अर्धेंच सांगतात. औंढ्याच्या देवालयाविषयीं लिहितांना केवळ ‘नागेश्वर ज्योतिर्लिंग’ एवढेंच लिहिलें तर वाचक खुशाल द्वारकेजवळ जाऊन पोंचेल, कारण तेंच नांव आणि तोच मान सौराष्ट्रांतील देवालयहि सांगतें. तेथें ‘औंढा नागनाथ, हिंगोली जिल्हा’ हे शब्द एकदांच, पण ठसठशीत यावयास हवेत. विशेषनामाचें काम अर्थावर सोंपवून भागत नाहीं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पूर्वीं शब्द लेखक निवडी. आतां तो शोधणाराकडून घ्यावा लागतो. ज्याच्या हळदीच्या पानांवर डाग पडून तीं वाळूं लागलीं आहेत, तो शेतकरी ‘करपा’ हा शब्द विचारीलच असें नाहीं. तो विचारतो, ‘हळदीचीं पानें कां वाळतात?’ लेखांत हा प्रश्नहि हवा, करपा हें नांवहि हवें आणि पुढचा उपायहि हवा. भावाची गोष्ट तशीच. ‘हळदीचा भाव’ हे शब्द चाळीस वेळां आले, पण तारीख नाहीं, बाजार कोणता तें नाहीं, हळकुंडाचा कीं गड्ड्याचा तें नाहीं, तर गाडी भरून बाजारास निघालेल्या माणसाला तो लेख फसवितो.

अलीकडे याला नवें वळण लागलें आहे. २०२४ च्या मे महिन्यांत अमेरिकेंत आणि ऑगस्टांत भारतांत गूगलनें पानांच्या यादीवर स्वतःच रचलेलें उत्तर देण्यास आरंभ केला. उत्तर वरच मिळालें म्हणजे मूळ लेख उघडण्याचे श्रम कोण घेणार? ज्यानें शेतांत उभें राहून माहिती जमविली त्याच्याकडे वाचक फिरकत नाहीं, ही तक्रार रास्त आहे. परंतु तें उत्तर इतरांच्या पानांवरूनच रचलें जातें. वसमतच्या काळ्या रानांतील लागवडीविषयीं मराठींत नेमकें लिहिलेलें नसेल, तर हळदीविषयीं विचारणाऱ्या तेथील शेतकऱ्याच्या हातीं सांगलीची किंवा तमिळनाडूंतील इरोडची रीत पडण्याचा संभव आहे. बेणें मात्र तो आपल्याच रानांत लावणार.