इंग्रजी वाक्यातील चूक आणि मराठीचे व्याकरण
(शिक्षक, पालक व स्पर्धा परीक्षांचे उमेदवार यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



सरकारी नोकरीच्या परीक्षेस बसणारा मराठी माध्यमाचा उमेदवार पुष्कळदा गणितात तरतो आणि इंग्रजीत अडतो. केंद्र सरकारच्या कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेत पहिल्या टप्प्याच्या २०० गुणांपैकी ५० गुण इंग्रजीचे असतात. बरोबर उत्तरास २ गुण मिळतात, चुकीच्या उत्तरामागे अर्धा गुण वजा होतो. याच आयोगाची बहुकार्य कर्मचारी पदांची परीक्षा २०२३ पासून मराठी व कोकणी धरून तेरा प्रादेशिक भाषांतूनही घेण्यास आरंभ झाला. तथापि तिच्यातील इंग्रजीचा विभाग कायम राहिला. एकदोन गुणांनी नाव यादीबाहेर राहावे आणि घरच्यांनी वर्षभर धरलेली आशा मावळावी, असा प्रसंग अनेक कुटुंबांवर येतो. म्हणून या विषयाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

चूक शोधण्याच्या प्रश्नात एका वाक्याचे तीनचार भाग पाडलेले असतात. त्यांपैकी कोणत्या भागात दोष आहे, एवढेच सांगावयाचे असते. उमेदवार वाक्य मनात म्हणून पाहतो आणि कानाला खटकेल त्या भागावर खूण करतो. परंतु ज्याच्या घरी इंग्रजी बोलले जात नाही, त्याचा कान या कामी भरवशाचा नसतो. त्याने नियमाचाच आधार घेतला पाहिजे. आणि तो आधार त्याच्या मातृभाषेत पुष्कळसा तयार आहे.

'द बास्केट ऑफ मँगोज आर ऑन द टेबल' हे वाक्य घ्यावे. 'मँगोज' हा अनेकवचनी शब्द क्रियापदाला लागून आल्यामुळे 'आर' बरोबर वाटते. त्याचे मराठी केले, तर 'आंब्यांची टोपली मेजावर आहे' असे होते. येथे 'आहेत' असे कोणीही म्हणणार नाही. कर्ता टोपली आहे, आंबे नव्हेत, हे मराठीत उघड दिसते. म्हणून 'इज' हवे. 'वन ऑफ द बॉइज हॅव कम' यातील दोषही 'मुलांपैकी एक आला आहे' असे म्हणताच उमगतो.

मात्र मराठी जशी वाट दाखविते, तशी काही ठिकाणी चकवितेही. ती ठिकाणे पाठच असावीत. 'गुरुजी आले आहेत' हे आदरार्थी अनेकवचन इंग्रजीत नाही. तेथे 'द टीचर हॅज कम' हेच शुद्ध. 'जरी' आला की 'तरी' येतो, म्हणून विद्यार्थी 'दो' नंतर 'बट' घालतो. इंग्रजीला दोहोंपैकी एकच पुरे. 'विषयावर चर्चा केली' या सवयीने 'डिस्कस्ड अबाउट' लिहिले जाते. वास्तविक 'डिस्कस्ड' नंतर कोणतेही शब्दयोगी अव्यय लागत नाही. मराठीचे 'पासून' हे '२०२० पासून' आणि 'पाच वर्षांपासून' या दोन्ही ठिकाणी चालते. इंग्रजीत पहिल्यास 'सिन्स' व दुसऱ्यास 'फॉर' योजावे लागते. उपपदे तर मराठीत नाहीतच. 'ए' की 'ॲन' हे अक्षरावरून नव्हे, तर उच्चारावरून ठरते. म्हणून 'ॲन अवर', पण 'ए युनिव्हर्सिटी'.

सरावास क्रम असावा. प्रथम क्रियापद हेरावे व त्याचा कर्ता शोधावा. नंतर काळदर्शक शब्द व क्रियापदाचा काळ यांचा मेळ पाहावा. पुढे शब्दयोगी अव्यये, उपपदे व वचन, आणि शेवटी जोडीने येणारी उभयान्वयी अव्यये तपासावीत. या सर्वांतून वाक्य निर्दोष उतरले, तरच 'चूक नाही' हे उत्तर निवडावे. रोज दहा वाक्ये पुरेत; परंतु प्रत्येक चुकलेले वाक्य वहीत उतरवून त्यापुढे शुद्ध रूप, नियम व मराठी अर्थ लिहावा. महिन्याभरात त्याच त्या चारपाच चुका पुन्हापुन्हा होतात असे वहीच दाखवून देते आणि मेहनत कोठे करावयाची ते कळते.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी पिढ्यान्‌पिढ्या मराठी विद्यार्थ्यांस इंग्रजी शिकविले, ते मराठीच्याच वाटेने. ती वाट आजही बुजलेली नाही. गोव्यात, बेळगाव भागात वा इंदूर-बडोद्यास मराठी शिकविणाऱ्या शिक्षकाने कर्ता, कर्म, वचन व प्रयोग हे विषय केवळ वार्षिक परीक्षेपुरते उरकू नयेत. मराठी वाक्याचा कर्ता ज्याला अचूक ओळखता येतो, त्याला इंग्रजी वाक्यातील चूक फार काळ चुकवू शकत नाही.